बढती मिळाली, मग पगार का नाही वाढला?

टपाल खात्यातल्या वाचकांची पत्रं या वेळी जरा जास्तच आली आहेत. बहुतेकांच्या गोंधळाचं मूळ एकच. पदाची पायरी आणि पगाराची पायरी एकदम चढतात असं आपण धरून चालतो. 1 सप्टेंबर 2008 पासून एमएसीपी (बढती नाही मिळाली तरी सेवेच्या 10, 20 आणि 30 वर्षांना पगाराची वरची लेव्हल देणारी योजना) लागू झाल्यावर या दोन पायऱ्यांची फारकत झाली, आणि 16 वर्षांचं टीबीओपी अन् 26 वर्षांचं बीसीआर या जुन्या योजना हिशेबातून गेल्या. जुनी मंडळी चहाच्या टपरीवर अजूनही त्याच भाषेत सल्ले देतात, ते ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

मी मे 2015 मध्ये पोस्टल असिस्टंट म्हणून लागलो. दहा वर्षं भरल्यावर पहिलं एमएसीपी मंजूर झालं. आदेशासोबत ऑप्शनचा (नवा पगार कोणत्या तारखेपासून ठरवायचा ते निवडण्याचा) फॉर्म आहे. ऑफिसात म्हणतात, 'सही करून टाक, सगळ्यांचं सारखंच असतं.' खरं का? (कोथरूड)

मुळीच नाही. सही करण्याआधी कागद-पेन घ्या. तुमचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, लेव्हल 4 मध्ये 33,300 असणार. मे 2025 पासूनच फिक्सेशन (वरच्या लेव्हलमधला पगार ठरवणं) घेतलंत, तर एक इन्क्रिमेंट धरून 34,300 होतात. लेव्हल 5 मध्ये हा आकडा नाही, म्हणून त्यावरचा 34,900. मेमध्ये वरच्या लेव्हलला गेल्यामुळे तुमचं पुढचं इन्क्रिमेंट जुलैऐवजी 1 जानेवारी 2026 ला पडेल आणि बेसिक 35,900 होईल.

आता दुसरा रस्ता. फिक्सेशन पुढच्या इन्क्रिमेंटच्या तारखेपासून मागायचं. मे आणि जून हे दोन महिने फक्त वरच्या लेव्हलमधला लगतचा आकडा, म्हणजे 33,900. महिन्याला हजार रुपये कमी. पण 1 जुलैला वार्षिक आणि बढतीचं अशी दोन इन्क्रिमेंट एकदम धरली जातात. 33,300 चे 35,300 होतात आणि लेव्हल 5 मध्ये 35,900. सहा महिने भरले की 1 जानेवारीला 37,000. दोन महिन्यांचे दोन हजार सोडले, की त्यापुढे कायम एक पायरी वर. डीए (महागाई भत्ता) आणि घरभाडं त्याच बेसिकवर निघतं.

ज्यांचं एमएसीपी ऑगस्ट-सप्टेंबरात येतं, त्यांचा हिशेब वेगळा निघतो. शेजारच्या टेबलावरचा फॉर्म बघून आपला भरू नये, ते यासाठी. आदेशात मुदत एक महिन्याची असते. फॉर्मची पोच घ्या आणि नंतर सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतः बघा.

मला एमएसीपीने लेव्हल 5 मिळालेलं आहे. आता एलएसजीची (लोअर सिलेक्शन ग्रेड, पीएच्या वरचं पद) बढती आली आणि पोस्टिंग जुन्नरला. पगार एक रुपयाही वाढत नाही म्हणतात. मुलगा दहावीत आहे. नाकारली तर काय होईल? (सहकारनगर)

ताई, तुमचं गाऱ्हाणं खोटं नाही. एलएसजीचं लेव्हल 5 च आणि ते तुम्हाला आधीच मिळालंय, त्यामुळे फिक्सेशनचा लाभ पुन्हा नाही. उलट खिशाला चाटच बसते. पुणे एक्स म्हणजे मोठ्या शहरांच्या वर्गात आहे, इथे घरभाडं 30 टक्के, जुन्नरला 10. तुमचं बेसिक 35,900 धरलं तर 10,770 च्या जागी 3,590. महिन्याला 7,180 रुपये गेले. प्रवासभत्ता पुण्यात 3,600 अधिक डीए मिळतो, तिकडे त्याच्या निम्मा. बढतीचे पेढे वाटायला सांगणाऱ्यांना हा हिशेब दाखवा.

नाकारलीत तर? मिळालेलं एमएसीपी कोणी काढून घेणार नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. मात्र एक वर्ष बढतीसाठी तुमचा विचार होणार नाही आणि पुढचं एमएसीपी तेवढंच पुढे ढकललं जाईल. शिवाय 'आता बढती घ्यायला तयार आहे' असं तुम्ही कळवेपर्यंत पुढच्या एमएसीपीचा विचारच होत नाही. लोक अडकतात ते इथेच. एकदा नाकारतात, विसरून जातात आणि वीस वर्षं भरल्यावर जागे होतात. (एमएसीपी मिळण्याआधीच बढती नाकारली असती, तर प्रकरण याहून कडक होतं. तिथे एमएसीपीच मिळत नाही.)

माझं मत विचाराल, तर आधी जवळच्या जागेसाठी अर्ज करा आणि त्यात दहावीचं कारण लिहा. नाहीच जमलं तर या वर्षी नाकारा, आणि वर्ष संपताच लेखी तयारी कळवा. कायमची मात्र नाकारू नका. एलएसजीतून एचएसजी-2 (हायर सिलेक्शन ग्रेड) म्हणजे लेव्हल 6, पुढे एचएसजी-1 म्हणजे लेव्हल 7. नुसत्या एमएसीपीच्या भरवशावर लेव्हल 7 तिसाव्या वर्षी दिसतं, बढतीच्या वाटेने त्याआधी पोचता येतं. अभ्यासाची तयारी असेल तर आयपीची (इन्स्पेक्टर ऑफ पोस्ट्स) परीक्षा द्या, तिथून थेट लेव्हल 7.

पोस्टमन म्हणून लागलो, सहाव्या वर्षी खात्याची परीक्षा देऊन पीए (पोस्टल असिस्टंट) झालो. दहा वर्षं भरली तेव्हा एमएसीपी मिळालं नाही. बरोबरच्या थेट भरतीवाल्यांना मिळालं. (खडकी)

खातं तुमचं लेव्हल 3 वरून 4 वर जाणं ही एक बढती धरतं. म्हणजे तीनपैकी एक संधी वापरली गेली. दुसरी मिळते ती एका लेव्हलमध्ये सलग दहा वर्षं किंवा एकूण वीस, यांतलं जे आधी होईल तेव्हा. तुमच्या बाबतीत सोळाव्या वर्षी. परीक्षा देऊन मिळवलेली जागा ही बढती की नवी नेमणूक, यावर पुष्कळ खटले झाले आणि काही कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकालही लागले. पण एकाचा निकाल दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. न्यायाधिकरणात जायचंच असेल तर युनियनमार्फत, चारजण मिळून जा.

मी मुळशी तालुक्यात बीपीएम (शाखा डाकघराचा पोस्टमास्टर, म्हणजे ग्रामीण डाक सेवक) आहे, चौदा वर्षं झाली. आम्हाला एमएसीपी का नाही? पुढे एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ, खात्यातलं नियमित पद) झालो तर ही चौदा वर्षं धरतील का? (मुळशी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते कडू आहे. धरणार नाहीत. ग्रामीण डाक सेवकाचं पद सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच नागरी पद मानलं, पण नियमित सेवेच्या बाहेरचं. त्यामुळे ही वर्षं एमएसीपीसाठी मोजली जात नाहीत, आणि पेन्शनचं दारही 2019 च्या निकालाने बंद केलं.

तुम्हाला मिळतं ते टीआरसीए, म्हणजे कामाच्या तासांवर ठरणारा भत्ता. 1 जुलै 2018 पासून बीपीएमला चार तासांसाठी 12,000 आणि पाच तासांसाठी 14,500 पासून सुरुवात, वर डीए आणि वर्षाला तीन टक्के वाढ. 2024 मध्ये 12, 24 आणि 36 वर्षांना वाढीव रक्कम देणारी योजना आली. बारा वर्षांची रक्कम वर्षाला 4,320, म्हणजे महिन्याला 360 रुपये. तुमची बारा वर्षं झाली आहेत, ती लागली नसेल तर उपविभागाच्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही. आणि पोस्टमनची परीक्षा जितक्या लवकर द्याल तितकं बरं, कारण नियमित सेवेचं घड्याळ नियमित पदावर रुजू झाल्या दिवसापासून चालू होतं.

30 जूनला निवृत्त झालो. 1 जुलैचं इन्क्रिमेंट एका दिवसाने हुकलं. (धनकवडी)

वर्षभर काम केलंय, तेव्हा ते काल्पनिक धरून पेन्शन काढावं, अशी तरतूद आता झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर तसे आदेश निघाले. फायदा फक्त मासिक पेन्शनपुरता, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) जुन्याच बेसिकवर. पीपीओची (पेन्शन मंजुरीचा आदेश) प्रत जोडून अर्ज करा.

आठव्या वेतन आयोगात फिटमेंट (जुन्या बेसिकला ज्याने गुणून नवं काढतात तो आकडा) किती धरू? फ्लॅटचं बुकिंग करायचंय. (वाकड)

काहीच धरू नका. सातव्याच्या वेळी 2.57 ऐकून लोक हुरळले होते. त्यात 125 टक्के डीए आधीच मुरलेला होता, हातात आली ती साधारण 14 टक्के वाढ. हप्ता आजच्या पगारात बसत असेल तर बुकिंग करा.