युकातानमधला पिब: गावात बघायचा कसा, घरी करायचा कसा

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोत युकातानला जाताय, माया लोकांच्या गावातला पिब बघायला मिळेल का, सोबतच्या शाकाहारींनी काय खायचं आणि हे घरी जमेल का, असं विचारलंय. आधी भट्टीचं सांगतो. ती कळली की बाकीचं सोपं आहे.

पिब म्हणजे जमिनीतली भट्टी. मेन्यूकार्डावरचं 'पिबिल' त्यावरूनच आलंय, पण हॉटेलात ते बहुतेक वेळा ओव्हनमध्येच होतं. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हानाल पिशान, म्हणजे आत्म्यांचं जेवण. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. तेव्हा मुकबिपोयो करतात: मक्याच्या पिठाचा जाडजूड तामाल (पानात बांधून शिजवलेला सारणाचा गोळा), आत कोंबडी, बऱ्याचदा डुकराचं मांसही. आणि पिठात श्पेलोन, म्हणजे आपल्या चवळीचाच काळा, ताजा दाणा.

खड्डा गुडघाभर खोल. तळाला सुकं लाकूड, वर दगड. लाकूड जळून दगड खाली बसले की लांब काठीने सपाट करतात आणि धुमसणारी ढलपी बाहेर काढतात, नाहीतर धुराचा कडवटपणा पिठात उतरतो. पाणी मुरलेला दगड कधीच घ्यायचा नाही, तापला की फुटतो. केळीच्या पानात बांधलेले तामाल दगडांवर, त्यावर हाबिन झाडाचा पाला, मग पत्रा किंवा पोती आणि शेवटी माती. खरी नजर इथे लागते: मातीतून वाफेची बारीकशी धार दिसली की लगेच तिथे मूठभर माती दाबतात. वाफ निसटली की वरची बाजू कच्ची राहते, आणि मध्येच उघडून बघायची सोय नसते. तामालला सव्वा ते दीड तास पुरतो. आख्खं डुक्कर असेल तर रात्रभर.

घरी ओव्हनमध्ये धुराचा वास येणार नाही, पण पोत जमतो. बाजारातलं साधं मक्याचं पीठ चालत नाही, ते बांधून येत नाही आणि तडकतं. १ किलो सुका मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खायचा चुना, पाऊण तास मंद उकळी, रात्रभर भिजत, मग सालं सुटेपर्यंत चोळून धुवायचं आणि वाटायचं. अॅल्युमिनियमचं भांडं नको, चुना त्याला खातो. वाटलेल्या १ किलोला २०० ते २५० ग्रॅम चरबी, मीठ आणि वाटीभर शिजवलेली चवळी. कोंबडी शेंदरीच्या बियांच्या वाटणात (आचिओते) शिजवा. तिच्या १ लिटर रश्शात १०० ग्रॅम पीठ कालवून पिठल्याइतकं घट्ट करा. याला कोल म्हणतात, तो कोंबडीसोबत पिठाच्या आत भरतात. तो पातळ राहिला तर तळ भिजून लिबलिबीत होतो, नवख्यांची हीच चूक सर्रास होते. पान पानगीला शेकतो तसं आधी विस्तवावर शेकून घ्या, नाहीतर घडीवर फाटतं. १८० अंशांवर दीड ते दोन तास, आणि अर्धा तास तरी मुरू दिल्याशिवाय कापू नका.

आता गावाचं. हानाल पिशानचा पिब घरातल्या माणसांचा असतो, आधी वेदीवर ठेवतात, मग पाहुणा. म्हणून त्या तीन दिवसांत आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका. गावाच्या सहकारी संस्थेमार्फत आधी ठरवा. ओतोच मा'आश येतेल कोह हे पुंता लागुना गावाजवळचं राखीव जंगल २००२ साली घोषित झालं, तिथे स्पायडर माकडं बघायला गावातलेच वाटाडे नेतात. सिआन काआन या राखीव निसर्गक्षेत्रात मुयीलच्या जुन्या कालव्यांवर होड्याही स्थानिक सहकारी संस्थांच्या. अशा ठिकाणी जेवणाचा पिब सांगितला तर किमान दोनतीन दिवस आधी कळवावं लागतं, लाकूड आणि मांस आणायचं असतं. पैसे स्वयंपाक करणाऱ्या बायकांना किती मिळतात ते सरळ विचारा, संस्था खरी असेल तर उत्तर मिळतं.

चा-चाक, म्हणजे पावसासाठीचा विधी, वेगळा. तो ह-मेन, म्हणजे विधी सांगणारा जाणकार, चालवतो. त्यातल्या थरांच्या भाकऱ्याही पिबमध्येच भाजतात, आणि पोरं बेडकांसारखी ओरडतात. तो पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नव्हे. कुणी बोलावलं तरच जा, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

शाकाहारींनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, पिठात डुकराची चरबी असते आणि चवळीही कधीकधी मांसाच्या रश्शात शिजते. दोन्ही नावं घेऊन सांगा. त्याऐवजी सिकिल पाक मागा, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची चटणी. अंडं चालत असेल तर पापादसूलही, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या मक्याच्या पोळ्या, वर भोपळ्याच्या बियांचा रस्सा. रोख पेसो जवळ ठेवा, लहान गावात कार्ड चालेलच असं नाही.