मुलीच्या नावाने गेलेला मेल

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मली, आता अकरावीत आहे. गणित उत्तम आहे. पण गेलं वर्षभर रात्री जेवण झालं की नॅशनल आर्काइव्हजच्या (अमेरिकी सरकारच्या दफ्तरखान्याच्या) संकेतस्थळावर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली वाचून टाइप करत बसते. आता म्हणते, आर्काइव्हिस्ट व्हायचंय, म्हणजे जुनी दफ्तरं सांभाळायची. एका संग्रहालयात तिला उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली होती. सैनिकांच्या जुन्या रोजनिश्या आणि वह्यांची यादी करायची, तीही बिनपगारी. मी तिच्या मेलवरून ‘जमणार नाही’ असं कळवलं आणि कोडिंग कॅम्पची फी भरली. तिला वाटतंय की संग्रहालयानेच नकार दिला. आजकाल सगळं स्कॅन झालंय, एआय वाचून देतं. तिला या नादातून बाहेर कसं काढू?

उत्तर : नमस्कार. करिअरचं नंतर बोलू. आधी तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं : ‘तिला वाटतंय की संग्रहालयानेच नकार दिला.’

मुलीने स्वतः जागा शोधली, अर्ज केला, तिची निवड झाली. आणि आज ती घरात अशा समजुतीत वावरते आहे की आपण त्या कामाच्या लायकीचे नव्हतो. ही समजूत तुम्ही तिच्या मनात घातलीत. तुम्ही दुष्टपणाने वागलात असं मी म्हणत नाही. परदेशात येऊन पै-पै जोडून ज्याने घर उभं केलं, त्याला मुलीच्या पगाराची धास्ती वाटणारच. ती धास्ती तिच्यासमोर बसून बोलून दाखवली असतीत, अगदी भांडला असतात, तरी मी तुमची बाजू समजून घेतली असती. तुम्ही मात्र तिच्या नावाने पत्र लिहिलंत. हे उघडकीला येणार आहे. कारण तुमच्याकडचा मेल पुसला तरी संग्रहालयाकडे तो आहेच, आणि तुमची मुलगी कागद कोणी लिहिला, कधी लिहिला हे शोधायलाच शिकते आहे.

ती रात्री काय वाचते, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? पत्रावरून तसं दिसत नाही, म्हणून मीच सांगते. १८०० सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि स्वातंत्र्ययुद्धातली बहुतेक दफ्तरं जळाली. पुढे १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी पेन्शन देऊ केली, तेव्हा म्हाताऱ्या सैनिकांना न्यायालयात जाऊन शपथेवर आपली नोकरी सांगावी लागली : कुठली तुकडी, कोण अधिकारी, कुठली लढाई. १८२० पासून तर गरिबी सिद्ध करायला मालमत्तेची यादी द्यावी लागे. गाय किती डॉलरची, खुर्च्या किती, भांडी किती. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधली नोंदींची पानं काढून जोडली. पेन्शन आणि सैनिकी सेवेबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या दाव्यांच्या अशा सुमारे ८०,००० फायली आहेत.

आता ‘स्कॅन झालंय, एआय वाचेल’ याबद्दल. हा गैरसमज फक्त तुमचाच नाही. स्कॅन झालेला भाग लहानच आहे; एकट्या नॅशनल आर्काइव्हजकडे १३ अब्जांहून जास्त पानं आहेत. यंत्र अक्षर लावतं, अनेकदा चांगलं लावतं, ‘एफ’सारखा दिसणारा जुना लांब ‘एस’सुद्धा ओळखतं. पण अक्षर लागलं म्हणजे काम झालं, असं नव्हे. त्या संग्रहालयातल्या वह्यांमध्ये ऑर्डर्ली बुकं असतील, म्हणजे पलटणीच्या रोजच्या हुकमांच्या वह्या. आजचा परवलीचा शब्द, पहाऱ्यावर कोण, कुणाला किती फटके. (१७७६ पासून कमाल १०० फटक्यांची मुभा होती.) मुख्य छावणीतला हुकूम वाचून दाखवायचे आणि पलटणीपलटणीचे लोक तो आपापल्या वहीत उतरवून घ्यायचे. त्यामुळे एकाच हुकमाची स्पेलिंगं चार वह्यांत चार तऱ्हेची, कुठे आख्खी ओळच गळलेली. यातली कुठली प्रत खरी धरायची? तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या मॉरिसटाउनला १७७९-८० च्या भयंकर हिवाळ्यात सैन्याची छावणी होती. जोसेफ प्लम मार्टिन नावाच्या सैनिकाने लिहिलंय की त्याने तिथे लोकांना जुने बूट भाजून खाताना पाहिलं. पण ते छापून आलं १८३० मध्ये. पन्नास वर्षांनी लिहिलेली आठवण आणि त्याच दिवशी लिहिलेली हुकमाची ओळ यांचं वजन वेगवेगळं असतं. हे वजन करणं, वही कुणाच्या घरातून आली याचा माग ठेवणं, शाईने खाल्लेला कागद वाचवणं, आणि मुळात काय ठेवायचं ते ठरवणं, ही आर्काइव्हिस्टची कामं. आज अमेरिकी सरकारच्या कागदपत्रांपैकी जेमतेम १ ते ३ टक्के कायमची जपली जातात. ती निवड माणसंच करतात, आणि त्यांत आता ईमेल आणि डेटाबेसही असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी वाचणारं माणूस मिळणं किती कठीण असतं, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पैशाचं स्पष्ट सांगते. या क्षेत्रातला पगार सॉफ्टवेअरच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो. जागा कमी, सुरुवातीच्या कित्येक नोकऱ्या कंत्राटी. हे तिला माहीत असायलाच हवं, आणि ते सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एसएटी, एपी वगैरे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांचं ती शाळेत बघेलच. माझा सल्ला असा की पदवीला इतिहासाबरोबर कॉम्प्युटर सायन्स किंवा डेटा सायन्स घ्यावं, कारण दोन्ही येणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. पुढे मास्टर्स लागेल. ते तुमच्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठात, राज्यातल्या रहिवाशांसाठी असलेल्या कमी फीमध्ये होऊ शकतं. ती जन्माने अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची वाटही तिला मोकळी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तिचं मन बदललं, तरी हातात कॉम्प्युटर सायन्स असेलच.

तिला या नादातून कसं काढायचं, हे मी सांगणार नाही. आज रात्री काय करायचं, ते सांगते. तिला समोर बसवा आणि मेल मी पाठवला होता, हे सांगा. कारणं नंतर द्या, आधी माफी मागा. ती चिडेल, काही दिवस बोलणार नाही; तेवढं सहन करा. मग तिला चालणार असेल तर संग्रहालयाला तुमच्या स्वतःच्या नावाने लिहा की आधीचा नकार तिचा नव्हता. जागा भरली असेल तर शनिवारी स्वयंसेवक म्हणून येऊ का, हे तिला विचारू दे. कोडिंग कॅम्पला जायचं की नाही, तेही तिलाच ठरवू द्या. फी बुडाली तर बुडाली.

आणि मला पुढचं पत्र तिने लिहावं. कुठली कॉलेजं, कुठले विषय, याची उत्तरं मी तिला देईन.