गाईला लग्नातलं उरलेलं जेवण घालताय? थांबा जरा
दादा, डुकराला भात-पोळ्या चालतात म्हणून गाईलाही पाटीभर टाकाल तर फसाल. डुकराचं पोट आपल्यासारखंच एक, पाचकरसाने स्टार्च पचवतं. गाईचं तसं नाही, चार कप्पे, त्यातलं कोठीपोट मोठ्या गाईत १०० लिटरच्या वर, आणि तिथं चारा गाय नाही तर जंतू पचवतात, म्हणून तर ती कडबा खाऊन दूध देते, डुकराला नुसत्या कडब्यावर ठेवून बघा! पण त्याच जंतूंना एकदम भात मिळाला की ॲसिड होतं, रवंथ बंद, जनावर बसतं. माझी एक म्हैस अशीच गेली, बारशाच्या जेवणानं. खुराक वाढवायचा तर १०-१५ दिवसांत हळूहळू वाढवा, अन् रवंथ थांबली दिसली की डॉक्टरला लगेच फोन.