दीर्घिकेतली धूळ कोणी तापवली? केंद्राने की नव्या ताऱ्यांनी?

सुरुवात वाइज या अवरक्त अवकाश-दुर्बिणीने मोजलेल्या रंगांपासून करा. डब्ल्यू१ उणे डब्ल्यू२, म्हणजे तिच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक, ०.८ किंवा जास्त असेल, तर सक्रिय केंद्रक (द्रव्य गिळणारं महाकाय कृष्णविवर) असण्याची शक्यता दाट. पण हा आकडा वेगा मापनातला, म्हणजे अभिजित ताऱ्याला शून्य धरणाऱ्या प्रत-पद्धतीतला आहे. एबी या दुसऱ्या प्रत-पद्धतीत तो जेमतेम ०.१६ होतो. नवखे इथेच घसरतात.

केंद्राजवळची धूळ साधारण १५०० केल्व्हिनपर्यंत टिकते, म्हणून तिचा प्रकाश मुख्यतः मध्य-अवरक्तात मिळतो. ताऱ्यांनी तापवलेली धूळ २०-५० केल्व्हिनची, तिचं शिखर ६० ते १०० मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे नुसत्या २४ मायक्रॉनवरून ताराजन्माचा दर काढू नका, केंद्राचा प्रकाश मिसळून तो फुगतो. हर्शेल या दूर-अवरक्त अवकाश-दुर्बिणीचे ७० ते ५०० मायक्रॉनचे बिंदू जोडा आणि सिगालसारख्या (दीर्घिकेच्या प्रकाशाला प्रारूप जुळवणाऱ्या) संगणक-प्रणालीत केंद्र आणि तारे हे दोन्ही घटक एकत्र बसवा.

वर्णपट असेल तर उत्तम. १४.३ मायक्रॉनची निऑन-पाच (चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची) रेषा दिसली की केंद्रक जवळजवळ नक्की, कारण तो आयन बनायला ९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तेवढी ऊर्जा सहसा ताऱ्यांकडून मिळत नाही. ताराजन्मासाठी ११.३ मायक्रॉनचा पीएएच (कार्बनी कड्यांचे मोठे रेणू) पट्टा पाहा, केंद्राजवळ ७.७ चा त्यामानाने लवकर मंदावतो. मात्र या दोन पट्ट्यांमधली दरी म्हणजे ९.७ चं सिलिकेट शोषणच, असं धरू नका. पट्ट्यांखालच्या सलग प्रकाशाची पातळी दाखवणारी रेषा चुकीची ओढली की खोटं शोषण हमखास उगवतं.