छताच्या फ्रेमला पिव्हटजवळ तडा गेलाय, आर्गन वेल्डिंग चालेल का?

तुमची गाडी २००१ ची पोर्शे बॉक्स्टर. कापडी छताच्या सांगाड्यातल्या उजव्या आर्मला पिव्हटच्या, म्हणजे आर्म ज्या खिळ्यावर फिरतो त्याच्या, भोकाजवळ चीर गेली आहे, आणि गॅरेजवाले अख्खी फ्रेम बदला म्हणतात. तुम्हाला हवंय की बडोद्यातच वेल्डिंग करून काम भागावं. भागू शकतं. पण तडा उजवीकडे आहे ना, मग आधी डावी बाजू उघडून बघा.

या गाडीत छत हलवायला मोटर एकच असते. तिच्यापासून दोन लवचिक केबल दोन बाजूंच्या दोन गिअरबॉक्सपर्यंत जातात, आणि प्रत्येक गिअरबॉक्स आपल्या बाजूचा सांगाडा पुशरॉडने ढकलतो. पुशरॉडच्या टोकाला प्लास्टिकचा बॉल-कप असतो. तो जुना होऊन तुटला, किंवा एका बाजूची केबल घसरली, की ती बाजू मरते आणि दुसरी एकटीच सगळं छत ओढते. सांगाडा पिळतो. बटण दाबून ठेवणाऱ्याला वाटतं छत जरा अडकतंय, म्हणून तो आणखी दाबतो. गेल्या काही महिन्यांत छत तिरकं उठताना दिसलं होतं का, हे घरच्यांनाही विचारा. तो कप न बदलता आर्म जोडलात तर तो पुन्हा तुटणारच.

हे एवढ्या खात्रीने सांगतोय कारण असाच एक आर्म माझ्याकडे आला होता. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. डेअरीच्या आणि फार्माच्या टाक्या हे आमचं रोजचं काम, गाड्यांच्या वाटेला आम्ही फारसे जात नाही. तो आर्म आधी दुसरीकडे वेल्ड झाला होता आणि वेल्डच्या शेजारीच पुन्हा चिरला होता. साध्या डोळ्यांना बारा-तेरा मिलीमीटरची काळी रेघ दिसत होती. ॲसिटोनने पुसून डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, रंग मुरवून चीर शोधायची चाचणी) केली: लाल डाय लावला, पंधरा मिनिटं थांबलो, पुसून वरून पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू पाझरत वर आली, भोकाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तीस मिलीमीटर! आधी ज्याने वेल्ड केलं त्याने अर्धी चीर तशीच ठेवली होती. म्हणून ही टेस्ट सोडू नका. तीन डब्यांचा स्प्रेचा सेट वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

त्याच्याही आधी धातू ओळखा. अशा सांगाड्यांत पोलादाच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे आणि मॅग्नेशियमचे ओतीव भाग असे सगळेच प्रकार आढळतात. लोहचुंबक चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर आतल्या बाजूला कानशीने नखाएवढी जागा चकचकीत करा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, थेंब शांत बसला तर ॲल्युमिनियम. मॅग्नेशियमला ग्राइंडर लावू नका. त्याचा भुसा पेटतो, आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. तिथे कोरडी वाळूच लागते.

ॲल्युमिनियम निघालं तर आमच्या भागात करणारे पुष्कळ आहेत, फक्त मशीन एसीवर चालणारं टिग (म्हणजेच आर्गन वेल्डिंगचं) आहे का ते विचारा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय २००० च्या वर. ती साय एसी करंट फोडतो. नुसत्या डीसी मशीनवर स्टील करणारा माणूस कितीही हुशार असला तरी इथे त्याचा हात चालत नाही. आमचा कारागीर कामाला बसण्याआधी दर वेळी म्हणतो, "पहेलां साफ कर, पछी आर्क मार." म्हणजे आधी साफ कर, मगच आर्क मार. ओतीव भागात वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं असतं. हलकं गरम केलं की ते घामासारखं वर येतं, ते पुसायचं, पुन्हा गरम करायचं. मग चिरेच्या टोकाला तीन मिलीमीटरचं भोक, म्हणजे चीर पुढे पळत नाही. कार्बाइड बरने (कठीण धातूच्या फिरत्या कानशीने) व्ही खाच काढायची आणि ४०४३ नंबरचा, ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा फिलर रॉड वापरायचा.

सर्वांत जास्त वेळ जिगला, म्हणजे आर्म नेमक्या मापात पकडून ठेवणाऱ्या साच्याला द्या. वेल्ड थंड होताना धातू आक्रसतो आणि भोकं ओढली जातात. दोन भोकांत ६० मिलीमीटर अंतर असेल आणि छताचं पुढचं टोक तिथून ९०० वर असेल, तर अर्ध्या मिलीमीटरची चूक पुढे साडेसात होते. मग काचेवरच्या चौकटीत लॅच बसत नाही, माणूस हिसके देऊन बसवतो, आणि पुन्हा ताण त्याच जोडावर. बारा मिलीमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटवर डाव्या आर्मची मापं आरशातल्यासारखी उलटी मांडा, भोकांत पिना ठोका, आर्म त्यांत अडकवा आणि मगच टॅक (वेल्डचे पहिले छोटे ठिपके) मारा. थंड होईपर्यंत काढू नका.

गाडीवर ठेवून वेल्ड करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. तुमच्या सालच्या मॉडेलला मागची काच प्लास्टिकची आहे, ती आणि कापड ठिणगीने जाईल.

बसवल्यावर पुशरॉड सोडून छत दोन-चार वेळा हाताने उघडा-मिटा. दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर मोटर जोडा. पाच-दहा वेळा चालवून त्याच जागी पुन्हा डीपी मारा.

चीर भोकाच्या आरपार असेल किंवा भोक लंबगोल झालं असेल तर मात्र वेल्डच्या नादी लागू नका, तो आर्म बदला. मॅग्नेशियम निघालं तरी तेच. थेंब टाकून काय दिसलं आणि डाव्या कपाची स्थिती काय आहे, तेवढं कळवा. मापं पाठवलीत तर जिगची प्लेट मी आखून देईन.