एमपी३ प्लेयरवर बास वाढवला की आवाज फाटतो. इक्वलायझरची योग्य सेटिंग कोणती?

फ्लॅट, म्हणजे सगळ्या पट्ट्या शून्यावर. झालं उत्तर. पण तुमचं 'बास वाढवला की फाटतो' वाचलं आणि आमचे दाजी आठवले, म्हणून बसलोय लिहायला.

आम्ही मिरजेचे. घरात वडिलांचा तंबोरा, गावातच बनलेला. वडील काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गायचे. त्यांचा पहाटेचा रियाज मी एकदा रेकॉर्ड केला, तो दाजींनी आपल्या प्लेयरमध्ये घेतला. दाजी सांगलीचे. नवी वस्तू घेतली की तिची सगळी बटणं दाबून पैसे वसूल करणारे. इक्वलायझरच्या पाच पट्ट्यांपैकी ६० आणि २३० हर्ट्झच्या त्यांनी पार टोकाला चढवलेल्या. ऐकलं, आणि भरल्या पंगतीत वडिलांना म्हणाले, "मामा, तंबोऱ्याची जवारी गेलीय तुमच्या. खर्ज फाटतोय." (जवारी म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर तार हलकी घासून येणारी गुंजन; खर्ज म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार.)

वडील गप्प. चाळीस वर्षं त्या तारांखाली दोरा सरकवत आलेला माणूस! पण जावयाचा शब्द. दुसऱ्या दिवशी तंबोरा रिक्षात. भोपळ्याला धक्का नको म्हणून तो माझ्या मांडीवर, आणि खिशात दाजींकडून मागून घेतलेला प्लेयर. कारागिरांनी चारही तारा छेडल्या. "ह्याला काय झालंय?" मी इयरफोन पुढे केला. त्यांनी ऐकलं आणि हसले. "हे तुमच्या डबीत हाय, भोपळ्यात न्हाई." पैसेही घेतले नाहीत.

जवारी उतरली तर आवाज बोदा होतो, गुंजन मरते. असा फाटत नाही. फाटत होतं ते डबीतच. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, त्याचे वरचे अंश, म्हणजे त्याच तारेतून सोबत निघणारे चढे सूर, १३८, २०७. म्हणजे नेमके दाजींनी चढवलेल्या दोन पट्ट्यांत. डिजिटल आवाजाला वर एक छत असतं आणि माझं रेकॉर्डिंग आधीच त्या छताला टेकलेलं. ६ डेसिबल वाढवले की लाटेची उंची दुप्पट होते. मग शेंडे छाटले जातात, तेच कानाला फाटकं लागतं. बऱ्याच प्लेयरमध्ये हे व्हॉल्यूमच्या आधीच घडतं, म्हणून आवाज बारीक केला तरी फाटणं तसंच राहतं.

तेव्हा बास हवा असेल तर बास वाढवू नका, बाकीच्या पट्ट्या उतरवा. प्रीअँप, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी इक्वलायझरमधली वेगळी पट्टी, असेल तर जितकं चढवलंय तितकं तिथे कमी करा. आणि त्याआधी इयरफोनचे रबर बदलून बघा. कानात फट राहिली की बास तिथूनच निघून जातो, निम्म्या लोकांचा आजार हाच असतो.

'रॉक', 'पॉप', 'जाझ' ही तयार सेटिंग म्हणजे शुद्ध फसवणूक. दाजी त्याच 'रॉक'वर किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ऐकायचे! खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या तबकड्यांत १४ हजार हर्ट्झला गाणं नाहीच. 'रॉक'ने ती पट्टी चढवली की फक्त सुईची खरखर वाढते. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबलेल्या, एमपी३मध्येही साधारण १६ हजारांच्या वर काही उरत नाही, तिथे काय चढवणार?

हां, एसटीत किंवा रेल्वेत ऐकत असाल तर थोडा बास चढवलेला चालतो, गाडीच्या घरघरीत खालचे सूर बुडतात. आणि काही इयरफोनच मुळात इतके कर्कश असतात की फ्लॅटवर ऐकवत नाहीत. तेव्हा वर म्हटलेलं 'फ्लॅट' हे ब्रह्मवाक्य नाही. तुमचा इयरफोन कोणता ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

दाजींना प्लेयर परत देताना मी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणून ठेवल्या होत्या. रात्री त्यांनी तोच रियाज लावला आणि म्हणाले, "बघा मामा, जवारी केल्यावर कसा सुटला आवाज!" मी तोंड उघडणार तोच आईने डोळे वटारले. अजून प्रत्येक दिवाळीला ते हा किस्सा सांगतात, तंबोरा मी वाचवला म्हणून.

दाजी, रेकॉर्डिंग जुनंच होतं.