आधी छपरावर चढा, रंगाचा डबा नंतर उघडा

प्रश्न : काकू, आम्ही ऑगस्टमध्ये 2012 सालचा 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. आतून सगळं तपकिरी आणि काळोखं आहे. हिवाळ्यात तो घरासमोर उभा असताना भिंती पांढऱ्या करायच्या, खाली व्हायनिलच्या फळ्या टाकायच्या आणि ओट्यामागे चिकटवायच्या टाइल्स लावायच्या असं ठरवलंय. छताला पंख्याशेजारी बशीएवढा पिवळट डाग आहे. त्यावर प्रायमरचे दोन हात मारले तर तो झाकेल का? – एक जोडपं, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : झाकेल, आणि मला भीती त्याचीच वाटते.

आमचा ट्रेलर 2009 सालचा, 22 फुटी. 2014 मध्ये आम्ही तो इंडियानातल्या एल्कहार्टजवळून आणला. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच भागात बनतात, त्यामुळे जुनेही तिथे पुष्कळ विकायला असतात. विकणाऱ्याने आत नवा वॉलपेपर लावला होता, पडदेही नवे होते. बघताक्षणी मन बसलं. पुढच्या जूनमध्ये लडिंग्टनच्या स्टेट पार्कात गेलो तर तळ्यावरून सलग दोन दिवस पाऊस आला. दुसऱ्या रात्री कूस बदलताना गादीच्या कोपऱ्याला हात लागला, कोपरा ओला होता. घरी येऊन वॉलपेपर सोलला तेव्हा आतलं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. कोपऱ्यातले दोन खांब आणि जमिनीचा दोन फूट बाय चार फुटांचा तुकडा कापून नवा बसवावा लागला. मी आणि माझा नवरा, पाच शनिवार-रविवार त्यात गेले. विकणाऱ्याने वॉलपेपर लावला नसता तर तो कुजका कोपरा मला पहिल्याच दिवशी दिसला असता. म्हणून तुमच्या डागावर रंग लावू नका असं मी कळकळीने सांगते आहे. आत्ता तो डागच तुम्हाला खरं काय ते सांगतोय.

पहिलं काम, हार्डवेअरच्या दुकानातून ओल मोजायचं यंत्र आणा, तीस-चाळीस डॉलरला मिळतं. डागाभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, जेवणाच्या बाकाखालच्या कप्प्यात टेकवत जा. कोरड्या भिंतीचा आकडा आधी पाहून ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा. सगळीकडे पायाने दाबत चाला. जिथे जमीन लवते तिथे खडूने खूण करा.

मग छप्पर. मागे कारखान्याने बसवलेली शिडी नसेल तर छप्पर चालण्याजोगं नाही असंच धरा आणि बाहेरून शिडी लावून कडेने काम करा. चढावंच लागलं तर खाली प्लायवुडची फळी टाका, म्हणजे भार एका जागी येत नाही. पंखा, गटाराच्या हवेचे पाइप, एसी, अँटेना, जिथे जिथे छपराला भोक पाडलंय तिथलं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, बोटाने चाचपा. तडा गेलेला, कड सुटलेली, सुईएवढं छिद्र पडलेलं, सगळं टिपून ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या. पाणी डागाच्या बरोबर वरूनच आत शिरलं असेल असं नाही. ते छपराच्या आतल्या लाकडावरून चार-पाच फूट वाहत येतं आणि जिथे वाट मिळेल तिथे उतरतं. आमच्याकडे ते वरून आलंच नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यावर ॲल्युमिनियमची उभी पट्टी असते आणि तिच्या खाचेत स्क्रू झाकणारी व्हायनिलची फीत बसवलेली असते. ती फीत उन्हाने आखडली, स्क्रू गंजले आणि त्यांच्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षं आत जात राहिलं. तुमचीही फीत वर-खाली आखडलेली आहे का, हे आजच बघा.

जागा सापडत नसेल तर एक उपाय मी स्वतः केला आहे. सगळ्या खिडक्या आणि जाळ्या बंद करायच्या, सिंकची तोंडं बुजवायची, छताच्या एका व्हेंटमध्ये पुठ्ठा आणि टेप लावून पानं उडवायचा ब्लोअर बसवायचा आणि आत हवा भरायची. मग बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे येतात तिथून पाणी आत जातं.

दुरुस्ती करताना सिलिकॉन वापरू नका. तो रबरी छपरावर नीट धरत नाही आणि एकदा लावला की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. आडव्या पृष्ठभागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्यावर न ओघळणारं. जुनं सीलंट घट्ट असेल तर खरवडत बसू नका, फक्त सुटलेलं काढा, स्वच्छ पुसा आणि वरून नवं द्या. पंख्याची चौकटच हलत असेल तर मात्र ती उचलून खालची ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, नवी घाला. नुसत्या वरच्या मलमाने ते भागणार नाही. हे काम ऊब असताना करायचं असतं. तुमच्याकडे ऑक्टोबरचे थोडेच दिवस उरलेत, म्हणून पत्र मिळताच लागा.

छत कोरडं झालं, दोन-तीन पाऊस गेले आणि यंत्राचा आकडा वाढला नाही, की मग खुशाल रंगवा. भिंतीवरचा चकचकीत पापुद्र्यासारखा थर हलक्या पॉलिश पेपरने मारून घ्या, चिकटून राहणारा प्रायमर लावा, मग रंग. व्हायनिलच्या फळ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. वजन फार होतं आणि तुमच्या ट्रेलरला सरकून बाहेर येणारा भाग असेल तर त्याच्या खालची घासपट्टी त्यांवर अडकते. साधा सलग व्हायनिल शीट टाका. टाइल्स लावा, पण बंद ट्रेलर जुलैत उन्हात तापला की त्यांच्या कडा सुटतात, हे धरून चाला.

प्रश्न : पुण्याहून सासू-सासरे येणार आहेत. आम्ही चौघं आणि ते दोघं. आमची एसयूव्ही 5,000 पौंड ओढते असं माहितीपत्रकात आहे आणि ट्रेलर रिकामा 4,100 पौंडांचा. जमेल ना? – एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : तुम्ही ओढायचा आकडा पाहिलात, गाडीने अंगावर घ्यायचा आकडा राहिला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी चिठ्ठी असते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं तीवर छापलेलं असतं. समजा तो आकडा 1,300 आहे. सहा माणसांचे 850 पौंड धरा. भरलेल्या ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येतं, त्यालाच टंग वेट म्हणतात. कपडे, भांडी, तांदूळ, गॅस धरून ट्रेलर 4,800 पर्यंत जातो, म्हणजे 600 पौंड हिचवर आलेच. बेरीज 1,450, म्हणजे 1,300 च्या वर गेली. हिचच्या लोखंडाचं वजन आणखी वेगळं.

टंग वेट कमी व्हावं म्हणून सामान मागच्या बाजूला ढकलू नका. मागे जड झालेला ट्रेलर महामार्गावर शेपटी हलवायला लागतो, आणि ते भयानक असतं. एकदा तसं झालं तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरची (ड्रायव्हरजवळची, ट्रेलरचे ब्रेक चालवणारी पेटी) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. त्या कळीपाशी हात न बघता जायला हवा, रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा.

ताजं पाणी मुक्कामी पोचल्यावर भरा. गॅलनला सव्वाआठ पौंड, चाळीस गॅलनचे सव्वातीनशेच्या वर होतात. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा सगळ्यांसकट वजन करून घ्या. आकडा जास्त आला तर सासू-सासऱ्यांना दुसऱ्या गाडीतून न्या. त्यांना वाईट वाटणार नाही, कारण सांगा.

प्रश्न : ट्रेलरमध्ये फोडणी दिली की स्मोक अलार्म कोकलतो. बाहेर ट्रेलरच्या गॅसच्या तोटीला आमची शेगडी जोडली तर ज्योत अगदी मिणमिणती येते. – एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : अलार्मची बॅटरी काढायची नाही, कधीच नाही. आधी बाहेर जाऊन शेगडीवरच्या एक्झॉस्टची झडप बघा. प्रवासात फडफडू नये म्हणून तिला बाहेरून खिटी असते आणि ती उघडायची राहून जाते. मग आतला पंखा कितीही फिरला तरी मोहरीचा धूर घरातच.

बाहेरच्या तोटीला येणारा गॅस आधीच कमी दाबाचा केलेला असतो. तुमच्या शेगडीला छोट्या सिलिंडरसाठी तिचा स्वतःचा रेग्युलेटर असणार. दोन रेग्युलेटर एकापुढे एक लागल्यावर कुकरची शिट्टी कुठून होणार? तोटीला जोडायची तर कमी दाबावर चालणारीच शेगडी घ्या, किंवा ही शेगडी तिच्या छोट्या सिलिंडरवरच वापरा. प्रत्येक जोडणीला साबणाचं पाणी लावून बघा. मी स्वतः पोहे-उपमा आत करते, पण खमंग फोडणी आणि तळण बाहेरच. रात्री मात्र उत्तरेकडे तेलाचा थेंबही बाहेर ठेवू नका, तिथे अस्वलं आहेत.

प्रश्न : थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून गाडीचं उरलेलं अँटीफ्रीझ चालेल का? – एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : नाही, ते विषारी असतं. आरव्हीचं, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचं, गुलाबी आणा, दोन-तीन गॅलन पुरतात. आधी गीझर गार होऊ द्या, दाब सोडा, मग रिकामा करून बायपासवर टाका, म्हणजे पाइपमधलं पाणी त्याला वळसा घालून जाईल, नाहीतर सहा गॅलन अँटीफ्रीझ त्याच्याच पोटात जाईल. टाकी पोलादी असेल तर आतला ॲनोड रॉड काढून बघा. पाऊण खाल्ला गेला असेल तर बदला, टाकीऐवजी त्यानेच गंज झेलायचा असतो.

प्रश्न : अंगणातलं वाळलेलं ॲशचं झाड पाडलंय. शेकोटीसाठी ते लाकूड घेऊन उत्तरेला जाऊ का? – एक वाचक, डेट्रॉइटजवळून

उत्तर : नका नेऊ. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा अमेरिकेत पहिल्यांदा 2002 मध्ये तुमच्याच भागात ओळखला गेला. त्याच्या अळ्या सालीखाली असतात आणि सरपणाबरोबर शेकडो मैल जातात. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना ॲश होते, ऑक्टोबरात वाटेवर पिवळा सडा पडायचा. आता एकही उरलं नाही. लाकूड घरीच जाळा आणि तिकडचं सरपण तिकडेच विकत घ्या.